इनामगावची दफने आणि मृतांची कापलेली पावले

इनामगावच्या सांगाड्यांची पावले का कापली होती, ती शिक्षा होती की नरबळी, आणि इजिप्तप्रमाणे आपल्याकडे प्रेते का टिकली नाहीत, असे आपण विचारले आहे. पावलांचा प्रश्न नेहमी सर्वांत आधी येतो. मात्र तो इतर दफनांपासून वेगळा काढला की त्याचे उत्तर भुताखेतांच्या गोष्टीकडे घसरते, म्हणून आधी तेथे नेमके काय सापडले ते पाहू.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेल्या या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरण्याच्या काळातील) गावाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेज या पुरातत्त्व संशोधन संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्यातील प्रमुख अभ्यासक होत. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० अशी जवळपास नऊशे वर्षांची वस्ती येथे थरांथरांनी उलगडली: प्रथम माळवा, मग पूर्व (आधीची) जोर्वे आणि शेवटी उत्तर (नंतरची) जोर्वे, अशा या एकामागून एक आलेल्या संस्कृती. अडीचशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची आहेत. मूल दगावले की दोन करड्या रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून त्यांत त्याला ठेवत आणि ते रांजण घराच्या जमिनीखाली खड्ड्यात आडवे पुरत. प्रौढांनाही घराच्या जमिनीखालीच खड्ड्यात उताणे, डोके उत्तरेकडे करून निजवत. सोबत तोटीची भांडी आणि वाडगे ठेवत, आणि बहुतेकांची पावले घोट्याखाली कापलेली असत.

शिक्षा किंवा नरबळी या कल्पनेला हा पुरावा आधार देत नाही. ज्याला शिक्षा द्यायची किंवा ज्याचा बळी द्यायचा, त्याला राहत्या घराच्या जमिनीखाली, ठरलेल्या दिशेने, सोबत भांडी देऊन कोण पुरेल? ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, त्यामुळे ती अंत्यविधीचाच भाग होती असे मानणे सयुक्तिक ठरते. मृताने भूत होऊन परत येऊ नये म्हणून पावले कापत, हे स्पष्टीकरण आपण वाचले असेलच. मला ते अपुरे वाटते, कारण ज्याची भीती वाटते त्याला माणूस गावाबाहेर नेऊन पुरतो, चुलीजवळ नव्हे. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी उलट भावनाही त्यामागे असू शकते, आणि घरातील दफनांशी ती अधिक जुळते. तरीही कृती हाडांवर दिसते आणि हेतू दिसत नाही, हे भान दोन्ही मतांच्या बाबतीत ठेवावेच लागते.

या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे दफन मात्र पावले न कापलेल्या माणसाचे आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या एका मोठ्या मृत्कुंभात सुमारे चाळिशीचा पुरुष मांडी घातलेल्या स्थितीत ठेवलेला आढळला, आणि त्याची पावले शाबूत होती. घराचे स्थान, कोठार आणि कुंभाचे वेगळेपण पाहून अभ्यासकांनी तो गावाचा प्रमुख असावा असा तर्क केला. तो मान्य केला तर पावले कापणे हा सर्वांना सारखा लागू होणारा नियम नव्हता आणि त्यात प्रतिष्ठेचा भेद होता, असे म्हणावे लागते. केवळ भुताच्या भीतीने हा अपवाद उलगडत नाही.

आता टिकण्याविषयी. इजिप्तच्या कोरड्या वाळूत त्वचा आणि केसही राहतात. आपल्याकडे दर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीत मऊ भाग लवकर नाहीसे होतात, परंतु मातीत चुना असल्याने हाडे आणि दात बऱ्यापैकी राहतात. नेवासा या महाराष्ट्रातील दुसऱ्या ताम्रपाषाणयुगीन स्थळी मात्र एका मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत सूत शिल्लक राहिले, कारण तांब्याच्या क्षारांनी ते कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना अटकाव केला. डीएनएची अडचण याहून मोठी आहे, कारण उष्णतेने तो वेगाने विघटित होतो. हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळाविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी एकाच व्यक्तीचा उपयोगी डीएनए हाती आला होता.

म्हणून इनामगावात खरी माहिती हाडांच्या वाढीतून आणि दातांच्या आवरणावरील खुणांतून मिळते, आणि ती मुलांच्या सांगाड्यांनी दिली आहे याचे मला फार मोल वाटते. इ. स. पू. सुमारे १००० नंतर चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि भांड्यांचा दर्जा उतरला. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. पुढे प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी बालकांच्या हाडांचा अभ्यास केला, तेव्हा उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. मात्र सगळा ऱ्हास एकट्या दुष्काळाच्या माथी मारण्यास त्यांनी हरकत घेतली. कापलेल्या पावलांपेक्षा हा वाद मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात एका गावाने उपासमार कशी सोसली याचा पुरावा प्रत्यक्ष मोजता येतो.

आपण पुण्यात असाल तर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात चौकशी करून इनामगावचे अवशेष पाहावेत, आणि रांजणांतील बालदफनांची मांडणी आधी नीट पाहून मगच प्रौढांच्या दफनांकडे वळावे.