वाघापेक्षा वाळवीच्या वाट्याला जास्त

ताडोब्यात चितळांचे कळप जागोजागी दिसले, वाघ मात्र एकच. एवढी शिकार असताना वाघ इतके कमी का? (एक वाचक, नागपूर)

एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण 50 जनावरं लागतात. कळप घटू न देता त्यांतला दहावा हिस्साच उचलता येतो. म्हणजे एका वाघामागे सुमारे 500 जनावरं हवीत! चितळाने खाल्लेल्यातलं बरंचसं लेंड्यांवाटे बाहेर पडतं. पचलेल्यातलंही बहुतेक हिंडण्या-फिरण्यात, अंग गरम ठेवण्यात खर्ची पडतं. मांस होऊन उरतं ते थोडंच.

अन्नसाखळीत (गवत, चितळ, वाघ) एका पायरीवरून पुढच्या पायरीवर 10 टक्केच ऊर्जा पोचते, हा शाळेत शिकलेला नियम पक्का आहे का? (एक शिक्षिका, सातारा)

नाही, तो ढोबळ आहे. अमेरिकेतल्या एका तळ्याचा अभ्यास करून रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये हा विचार मांडला. एका पायरीवरून दुसरीवर प्रत्यक्षात साधारण 5 ते 20 टक्के ऊर्जा पोचते. मुलांना हे जरूर सांगा.

पाणी, नत्र फिरून येतात, मग ऊर्जा का नाही? (एक विद्यार्थी, लातूर)

ती शेवटी उष्णता होते आणि उष्णतेवर झाडाला अन्न बनवता येत नाही. त्याला रोज नवं ऊन लागतं.

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात झाडाखालचा पाचोळा जाळतात. वाळलेला पाला जाळला तर काय बिघडतं? (एक वाचक, गडचिरोली)

पुष्कळ बिघडतं. जंगलातली बहुतेक पानं हिरवी असताना कुणी खातच नाही, ती गळून खाली पडतात. म्हणजे जंगलाच्या ऊर्जेचा मोठा वाटा वाघाकडे जाणाऱ्या वाटेवर नसतोच, तो या पाचोळ्यात असतो. वाळवी तो वारुळात नेते आणि त्यावर बुरशी वाढवून खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी याच बुरशीची. त्या वाळवीवर अस्वल जगतं. त्याला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी फुर्रकन ओढून घेतं. गांडुळं, गोमी, पाचोळा उकरणारे पक्षी, सगळे याच पंगतीचे.

काडी लावली की ही सगळी शिदोरी तासाभरात धूर होते. राखेत पालाश, कॅल्शियम उरतं, नत्र मात्र बरंचसं हवेत जातं. आणि आग मोहाच्या बुंध्याशी थांबत नाही, पुढची रोपंही होरपळतात. त्यापेक्षा मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी बांधा. फुलं स्वच्छ मिळतात, वाकून वेचायचा त्रासही वाचतो.