'स्टार ऑफ इंडिया'ला 'गलबत' म्हणावे काय?

अमेरिकेतील सॅन डिएगो बंदरात जतन केलेल्या 'स्टार ऑफ इंडिया' या व्यापारी जहाजाला काही ठिकाणी 'शिप', तर काही ठिकाणी 'बार्क' म्हटलेले आढळते. यांतील बरोबर कोणते आणि मराठीत 'गलबत' चालेल काय, अशी पृच्छा आहे.

दोन्ही संज्ञा बरोबर आहेत, मात्र वेगवेगळ्या काळांसाठी. आज आपण कोणत्याही मोठ्या जहाजाला 'शिप' म्हणतो. एकोणिसाव्या शतकातील खलाशाच्या लेखी ती शिडांच्या मांडणीवरून ठरणारी एक जात होती. किमान तीन डोलकाठ्या आणि त्या सर्वांवर आडव्या काठ्यांना बांधलेली चौकोनी शिडे असतील, तरच ते 'शिप'. 'बार्क'च्या सर्वांत मागच्या डोलकाठीवर मात्र आडवी शिडे नसून जहाजाच्या लांबीच्या दिशेने ताणलेली शिडे असतात.

हे लोखंडी जहाज १८६३ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरील रॅमझी येथे पाण्यात उतरले, तेव्हा त्याची मांडणी 'शिप'ची होती आणि नाव होते 'युटर्पी'. त्याच्या आरंभीच्या सफरी कलकत्त्याच्या होत्या. १८६५ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळात त्याच्या डोलकाठ्या तोडून टाकाव्या लागल्या, आणि त्रिंकोमालीचा आसरा घेऊन ते पुढे मायदेशी निघाले असता कप्तान विल्यम स्टोरी वाटेतच मरण पावला. १८७१ पासून सुमारे पाव शतक त्याने न्यूझीलंडला स्थलांतरितांची ने-आण केली. १९०१ मध्ये अलास्का पॅकर्स असोसिएशनने सामन माशांच्या धंद्यासाठी ते विकत घेतले आणि थोड्या खलाशांत भागावे म्हणून मागच्या डोलकाठीची शिडे बदलली. तेव्हापासून ते 'बार्क' झाले. 'स्टार ऑफ इंडिया' हे नाव १९०६ चे. या कंपनीच्या ताफ्यात 'स्टार ऑफ फ्रान्स', 'स्टार ऑफ इटली' अशीही जहाजे होती, त्यामुळे नावावरून ते भारतात बांधले गेले असा तर्क करू नये.

आता 'गलबत'. मराठ्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत हे निराळे प्रकार होते: गुराब दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांची, तर गलबत तिच्याहून लहान आणि वल्ह्यांनीही चालणारे. पुढे गलबत हा शब्द शिडाच्या कोणत्याही जहाजासाठी रुळला, त्यामुळे कथेत वा सर्वसाधारण लेखात तो वापरण्यास माझी हरकत नाही. परंतु जिथे शिडांच्या मांडणीचीच चर्चा आहे, तिथे तो घोटाळा करील. तीन डोलकाठ्यांच्या साम्यावरून 'गुराब' योजण्याचा मोह होऊ शकतो. तोही टाळावा, कारण ती लढाऊ नौका होती. मालवाहू म्हणून 'शिबाड' सुचवावे, तर त्या शब्दाबरोबर आपल्या किनाऱ्यावरची वेगळी बांधणी येते. म्हणून प्रथम उल्लेखात 'तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज' असे लिहावे आणि पुढे 'बार्क' हाच शब्द, १९०१ पूर्वीच्या सफरींचा अपवाद करून, निःसंकोच ठेवावा.