करवंटी सुटते, तार हिरवी पडते

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. शिंपले, करवंटी, तांब्याची तार आणि सिमेंट जोडून तळहातावर मावतील अशी अमूर्त शिल्पं करते. पावसाळा सरला की करवंटी सिमेंटपासून सुटते, तार हिरवी पडते आणि प्लायवूडच्या कपाटातल्या शिंपल्यांवर पांढरी पूड धरते. सगळ्यावर वॉर्निश मारू का? शिवाय घरचे म्हणतात, हा टाइमपास आहे, शिल्प नव्हे. – एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, वॉर्निशचा डबा आधी बाजूला ठेवा. त्याने सगळं सारखंच चकचकीत होईल आणि रोग आत राहील तो राहीलच.

करवंटी दमट हवेत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. सिमेंट तिच्या तालावर नाचत नाही. म्हणून कितीही भारी एपॉक्सी गोंद लावा, कधी ना कधी सांधा सुटणारच. मी चिकटवतच नाही. करवंटीला बारीक ड्रिलने दोन भोकं पाडा, त्यातून तार ओवा, तारेची टोकं आकड्यासारखी वाकवून ओल्या सिमेंटमध्ये रोवा. करवंटी आणि सिमेंट यांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवा. तार तांब्याचीच घ्या. ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटमध्ये फसफसतं, आणि लोखंडी खिळा तांब्याला टेकला की तुमच्या खाऱ्या हवेत तो भराभर गंजतो.

सिमेंट नुसतं वापरत असाल तर ते तडकणारच. एकास तीन वाळू घाला आणि आठवडाभर ओलं फडकं गुंडाळून ठेवा. वाळूबरोबर अंगणातल्या जांभ्याचा चुराही घालून बघा. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात ‘संथाल कुटुंब’ घडवलं ते सिमेंट आणि तिथल्या जांभ्याच्या खडीतूनच.

तार चिंच-मिठाने घासत असाल तर हिरवेपणाला तुम्हीच आवतण देताय. मीठ बारीक वळणांत राहून जातं. घासलीच तर भरपूर गोड्या पाण्याने धुवा, कडक उन्हात वाळवा आणि मेणाचा पातळ हात द्या. मला विचाराल तर तो हिरवा रंग राहू द्या. करवंटीच्या तपकिरीशेजारी तो फार छान दिसतो.

आता शिंपले. पांढरी पूड ही बुरशी नव्हे. लाकूड आणि प्लायवूडमधून आम्लाची वाफ सुटते, बंद कपाटात ती कोंडते आणि शिंपल्याचा चुना खाते. बाइन नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १८९९ मध्ये या रोगाबद्दल लिहिलं. त्याला हे जंतूंचं काम वाटलं होतं. पूड मऊ ब्रशने झाडा आणि शिल्पं उघड्या फळीवर मांडा. नवे शिंपले वापरण्याआधी दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. व्हिनेगर मात्र चुकूनही नको.

घरच्यांना पिकासोचा ‘ॲबसिंथचा पेला’ दाखवा (ॲबसिंथ म्हणजे एक कडक मद्य). १९१४ चं, जेमतेम वीतभर उंचीचं काम. ब्राँझच्या सहा प्रती, प्रत्येक वेगळी रंगवलेली आणि प्रत्येकीवर बाजारातला खराखुरा चमचा. त्यातला पेला ओळखायलाही वेळ लागतो. तरीही कुणी ‘हे कशाचं आहे?’ विचारलंच, तर नाव सांगायची घाई करू नका. शिल्प त्यांच्या हातात द्या.

आणि प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलीने साल आणि वापरलेलं साहित्य लिहून ठेवा. उद्या एखादा सांधा निघाला तर दुरुस्त करणाऱ्याला अंदाजपंचे काम करावं लागणार नाही.