जीप नाही, पायच: तीर्थन खोऱ्यातली चार दिवसांची वाट

प्रश्न: मे महिन्यात आम्ही चौघे हिमाचलच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. मुलगी बारा वर्षांची आहे. जीप सफारी कुठून घ्यावी? चार दिवसांत शिल्टपर्यंत, म्हणजे उद्यानातल्या उंचावरच्या मुक्कामापर्यंत, जाऊन येता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: या उद्यानात सफारी नाही, जे पाहायचे ते पायी. मनालीच्या रस्त्यावर औटच्या बोगद्यापाशी बंजारकडे वळा. पुढे साई रोपा येथे वन खात्याचे कार्यालय लागते. उद्यानाच्या फाटकाआत जायचे तर परवाना लागतो, म्हणून ओळखपत्रे आणि त्यांच्या प्रती जवळ ठेवा. गुशैणीहून तीर्थन नदीच्या काठाने फाटकापर्यंत सुमारे ८ किलोमीटरची पायवाट आहे. स्थानिक वाटाड्या घ्याच.

शिल्टला जाता येईल, पण एका दमात नको. फाटकाआतला रोला मुक्काम साधारण २,१०० मीटरवर, तर शिल्ट ३,१०० च्या आसपास. म्हणजे एका दिवसात हजार मीटरचा उभा चढ! पहिली रात्र रोलालाच काढा. वर पोचल्यावर मुलीचे डोके दुखू लागले, जेवण नकोसे झाले, तर वाट न पाहता खाली उतरा. उतरताना घसरायला होते ते वाळक्या सूचिपर्णांवर. तळव्याला खोल खाचा असलेलेच बूट घाला आणि प्रत्येकाला एक काठी द्या.

आता प्राण्यांचे. उघड्या गवताळ कड्यांवर घोरल, म्हणजे शेळीसारखा रानटी प्राणी, शोधा. करड्या दगडासारखा दिसतो, हलला तरच कळतो. मोनाल हा रंगीत रानकोंबड्यासारखा पक्षी पहाटे झाडोरा संपतो तिथल्या मोकळ्या उतारांवर चरायला येतो. जुजुराणा, म्हणजे हिमाचलचा राज्यपक्षी, दाट निगाळ बांबूत दडतो. मे महिन्यात नराची हाक कानावर पडली तरी भाग्य समजा. भरल, म्हणजे हिमालयातली निळी मेंढी, झाडोऱ्याच्याही वर राहतो, चार दिवसांत त्याची आशा धरू नका. बोलत चाललात तर यातले काहीच दिसणार नाही.

प्रश्न: वाटेवरच्या बिच्छू बूटीला, म्हणजे आग करणाऱ्या खाजऱ्या झुडपाला, हात लागला तर काय करावे?

उत्तर: चोळू नका. पानावरचे केस पोकळ सुयांसारखे असतात. चोळले की ते आणखी आत रुततात. चिकटपट्टी दाबून ओढा, मग थंड पाण्याने धुवा. आग बहुधा काही तासांत शमते. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घातली, तर हा प्रसंगच येत नाही.