बाहुलीच्या सावळ्या डोक्याशी जुळेल असे गोरे धड रंगवता येते का?

आपल्याकडे बाहुलीचे सावळे डोके आहे, त्याला मापाने बसणारे धड मात्र गुलाबी-गोरे मिळाले आहे आणि ते रंगवून डोक्याशी जुळवायचे आहे. हे जमते, कारण आपले धड डोक्यापेक्षा फिकट आहे. रंगाच्या पाण्यात बुडवून प्लास्टिक गडद करता येते, उजळ करता येत नाही. (आपल्या घरांत सावळ्या मुली भरपूर असतात आणि दुकानातल्या बाहुल्या मात्र बहुतेक गोऱ्या, त्यामुळे मलाही नेहमी याच दिशेने रंगवावे लागते.)

रंग आणण्याआधी धड कोणत्या प्लास्टिकचे आहे ते पाहावे. आमच्या जळगावात प्लास्टिकच्या चटयांचे पुष्कळ कारखाने आहेत. तिथे पॉलिप्रॉपिलीन वितळवतानाच त्यात रंगाचे दाणे मिसळतात, कारण त्या प्लास्टिकवर पाण्यातला रंग नंतर नीट चढत नाही. पॉलिथिनचेही तसेच आहे. सुटा केलेला एखादा भाग पाण्याखाली धरून आतली हवा पूर्ण काढावी. तो तरीही वर आला तर या दोघांपैकी एक समजून रंगवण्याचा नाद सोडावा. बुडाला तर तो बहुधा एबीएस (खेळण्यांत वापरतात ते कडक प्लास्टिक), पीव्हीसी किंवा नायलॉनचा असतो आणि त्यावर रंग चढू शकतो.

यासाठी पॉलिस्टर कापडाचा डिस्पर्स रंग लागतो. सुती कापडाचा रंग एबीएसवर टिकत नाही. गरम पाण्यात प्लास्टिकचा वरचा थर किंचित सैल होतो आणि रंग त्यात शिरतो, म्हणूनच ब्रशने दिलेल्या रंगासारखे त्याचे सांध्यांवर घासून पोपडे निघत नाहीत. आमच्याकडचे बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने रंगाची पूड कधीकधी गुठळ्या धरते, तेव्हा मी फिल्टरचे पाणी वापरते आणि त्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकते. स्टीलचे पातेले या कामासाठी कायमचे वेगळे काढावे, त्यात पुन्हा स्वयंपाक करू नये. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

धड सुटे करून आतले इलॅस्टिक आणि स्प्रिंगा काढाव्यात, भाग साबणाने धुवावेत, आणि पाणी ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावे. उकळी येऊ देऊ नये. एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि माझ्या पहिल्या प्रयत्नात मांडीची खोबण वाकडी झाली ती याच घाईने. ती बाहुली आजही नीट बसत नाही. मऊ पीव्हीसीचे हात त्याहून कमी उष्णतेत सैल पडतात आणि रंगही लवकर ओढतात, म्हणून ते धडासोबत एकदम न टाकता शेवटी आणि थोडाच वेळ बुडवावेत.

रंग फिकाच कालवावा. दर अर्ध्या-एक मिनिटाने भाग बाहेर काढून, धुऊन, पूर्ण कोरडा करून, दिवसाच्या उजेडात डोक्याशेजारी धरून पाहावा. ओला भाग अधिक गडद दिसतो आणि ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग ओसरीवर नेल्यावर वेगळाच निघू शकतो. तपकिरी रंग बहुधा दोन-तीन रंगांचे मिश्रण असतो आणि ते प्लास्टिकमध्ये सारख्या वेगाने शिरत नाहीत, त्यामुळे धडावर कधी लालसर झाक येते. तेव्हा अगदी चिमूटभर हिरवा रंग मिसळलेल्या पाण्यातून एक बुडी द्यावी. चुकलेला रंग पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये. त्यातील ॲसिटोनने एबीएस विरघळते.

रंगवलेले भाग दोन-तीन दिवस सावलीत वाळवून, कोमट साबणपाण्याने पुन्हा धुवावेत आणि पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावेत. फडक्याला रंग लागत असेल तोवर डोके बसवू नये, कारण मऊ पीव्हीसीचे डोके तो रंग शोषून घेते आणि मानेभोवती पडलेला डाग पुढे निघत नाही. हे शोषणे उष्णतेने वाढते, म्हणून आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो त्या मे महिन्यात मी हे काम काढतच नाही, दिवाळीनंतर करते.