दोन दीनार म्हणजे दोन हजार वर्षं, असं कुठे लिहिलंय?

प्रश्न : आदरणीय मावशी, प्रभूच्या नावाने सलाम. नवापूर तालुक्यात आमची चार एकर शेती आहे. विहीर मार्चमध्येच तळ गाठते, म्हणून यंदा ती खोल करायचं ठरलं होतं. यारीवाल्याला विसारही दिला. दिवाळीनंतर शेजारच्या गावी तीन दिवसांची सभा झाली. बाहेरून आलेल्या उपदेशकांनी चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर संदेश दिला. शोमरोनी म्हणजे प्रभू येशू. त्याने उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले. एक दीनार म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा, म्हणून दोन हजार वर्षांनी तो परत येणार. क्रूस ३० साली, तेव्हा २०३० आलंच, असं ते म्हणाले. तेव्हापासून बाबा विहिरीचं नाव काढू देत नाहीत. "चार वर्षांसाठी खडक कशाला फोडायचा?" म्हणतात. वचन खरंच असं सांगतं का?
— एक वाचक, वय २६

उत्तर : आधी सरळ सांगते, कारण यारीवाला खोळंबलाय. लूकच्या दहाव्या अध्यायात दोन हजार वर्षं कुठेही नाहीत.

पंचविसाव्या वचनापासून सदतिसाव्यापर्यंत सलग वाचा. एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? त्यावर येशू ही गोष्ट सांगतो : यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या एका माणसाला लुटारू अर्धमेला टाकून जातात, याजक आणि लेवी बघून बाजूने निघून जातात, परका शोमरोनी मात्र त्याला उतारशाळेत नेतो. शेवटी येशू त्या शास्त्र्यालाच विचारतो, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? ज्याने दया केली तो, असं शास्त्री म्हणतो. मग येशू म्हणतो, जा आणि तूही तसंच कर. प्रश्न शेजाऱ्याचा होता, उत्तरही शेजाऱ्याचंच मिळालं. "तू परत कधी येणार" हे त्या माणसाने विचारलेलंच नाही.

आता ते दोन दीनार. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे उपदेशकांनी बरोबर सांगितलं. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी मजुरांशी तोच भाव ठरवतो. ही माहिती गोष्टीबाहेरची असली तरी ती आणायला हरकत नाही, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. यरुशलेमहून यरीहोची वाट हजारेक मीटर खाली उतरते, हेही त्यांना माहीत होतं. तुमच्याकडचा कोंडाईबारीचा घाट उतरणाऱ्याला "खाली जात होता" या शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अशा माहितीने गोष्ट स्पष्ट होते. एका अनोळखी, जखमी माणसासाठी शोमरोन्याने दोन दिवसांची कमाई काढून दिली आणि वर म्हणाला, जास्त लागलं तर परत येताना देईन. दाखल्यात त्या पैशांचं काम एवढंच आहे, आणि ते काही थोडं नाही.

गफलत त्यापुढे झाली. आपण मजुरीलाही "रोज" म्हणतो आणि दिवसालाही रोज म्हणतो, त्यामुळे मजुरीवरून दिवसावर केव्हा उडी पडली ते ऐकताना कळतसुद्धा नाही. दिवसाची मजुरी हा दिवस नसतो. आणि एका दीनाराची हजार वर्षं होत असतील, तर तो नियम बाकीच्या ठिकाणीही लागू व्हायला हवा. योहानाच्या सहाव्या अध्यायात फिलिप्प म्हणतो, दोनशे दीनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत. तिथे दोन लाख वर्षं धरायची का?

हजार वर्षांचं वचन पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहे, ३:८. ते अर्धंच सांगितलं गेलं. एक दिवस हजार वर्षांसारखा, आणि हजार वर्षं एका दिवसासारखी, असं ते आहे. स्तोत्र ९०:४ मध्ये तर हजार वर्षं रात्रीच्या एका प्रहरासारखी म्हटलीत. हा पाढा नव्हे. पेत्र पुढच्याच वचनात सांगतो की प्रभू उशीर करत नाही, तो धीर धरतो, कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. ते वचन धीराचं आहे, त्याचं पंचांग आपण केलं.

असं फक्त आजकालचेच लोक करतात असं नाही. पाचव्या शतकाच्या आसपास संत ऑगस्टीनने याच दाखल्यात उतारशाळा म्हणजे मंडळी, तिचा मालक म्हणजे पौल आणि दोन दीनार म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा असं लावलं. मोठा माणूस, मनापासून लिहिणारा. पण त्याला दोन आज्ञा दिसल्या आणि तुमच्या उपदेशकांना दोन हजार वर्षं. दोघांपैकी कोण बरोबर हे दाखल्याला विचारायला गेलं, तर दाखला दोघांनाही साक्ष देत नाही.

हे मी कडकपणे लिहितेय, त्याला कारण आहे. तरुणपणी मी रविवारची शाळा घ्यायचे. मंडळीतल्या एका जोडप्याने कर्ज काढून पिठाची गिरणी टाकली, तेव्हा मी त्यांना ईयोब ८:७ रंगीत कागदावर लिहून, फ्रेम करून दिलं. तुझा आरंभ लहान असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल, या अर्थाचं ते वचन. गिरणी दोन वर्षांत बंद पडली. ती बाई मला म्हणाली, "ताई, देवाने लिहून दिलं होतं, म्हणजे आमच्यातच काही पाप असेल." त्या रात्री मी पहिल्यांदा आठवा अध्याय सुरुवातीपासून वाचला. ते बोलणं देवाचं नव्हतंच, ईयोबाचा मित्र बिल्दद याचं होतं. सातव्या वचनाच्या जरा आधी, चौथ्यात, तोच बिल्दद पोरं गमावलेल्या ईयोबाला सुनावतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव ईयोबाच्या या तीन मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत म्हणून. मी त्या बाईला देवाचं म्हणून बिल्ददाचं वचन दिलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तिची माफी मागितली. फ्रेम भिंतीवरून तिनेच उतरवली. चुन्यावर चौकोनी डाग राहिला होता.

तुम्हाला वाटेल, मग विहिरीच्या बाजूचं एखादं वचन द्या. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात यरुशलेमला वेढा पडलेला असताना यिर्मया अनाथोथचं शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतो आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. मला तो अध्याय फार आवडतो. पण "यिर्मयाने शेत घेतलं, तेव्हा बाबांनी विहीर खोदावी" असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मीही त्या उपदेशकांसारखंच केलं. ती आज्ञा यिर्मयाला होती. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, याची ती खूण होती. विहिरीचा निर्णय पाणी, पैसा आणि खडक बघून घ्या.

प्रभूच्या येण्याच्या दिवसाबद्दल मात्र शास्त्र उघड बोलतं. मार्क १३:३२ मध्ये येशू सांगतो, तो दिवस किंवा ती घटका कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. हे ओढूनताणून काढावं लागत नाही. आणि उपदेशकांनी जिथून मोजलं ते साल तरी कुठे पक्कं आहे? क्रूसाचं वर्ष ३० की ३३, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

बाबांशी वाद घालू नका. त्यांनी प्रभूच्या येण्याची वाट पाहावी, ती आपण सगळेच पाहतो. रात्री जेवणं झाली की लूकचा दहावा अध्याय त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. दोन दीनारांपाशी आले की एवढंच विचारा, "बाबा, दोन हजार वर्षं कुठल्या ओळीत आहेत?" शोधू द्या, मध्ये बोलू नका. तोवर यारीवाल्याकडचा विसार परत मागू नका. त्याला आठवडाभर थांबायला सांगा.