तक्ता बाजूला ठेव

प्रिय विद्यार्थिनीस सप्रेम आशीर्वाद,

तुझे पत्र दोनदा वाचले. रक्ततपासणीच्या अहवालात न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी दिसतात, मग जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज व मास्ट पेशी या प्रतिकार करणाऱ्या पेशी त्यात का नसतात, आणि नॅचरल किलर पेशी टी व बी पेशींसारख्याच लिम्फोसाइट असूनही तुझ्या पेशींच्या तक्त्यात उपजत (जन्मजात) प्रतिकारशक्तीच्या रकान्यात कशा, असे तू विचारतेस आणि वर आपला पाया कच्चा असल्याची पुस्तीही जोडतेस. दोष पायाचा नसून तक्त्याचा आहे. पेशीचे नाव बाजूला ठेव आणि आधी एवढेच विचार की ती राहते कुठे आणि ओळखते काय.

अहवाल रक्ताचा असतो, म्हणून त्यात रक्तात फिरणाऱ्या पेशीच सापडणार. मास्ट पेशी त्वचेत आणि आतड्याच्या अस्तरात, बारीक रक्तवाहिन्यांना लगटून बसलेली असते. काटा रुतला आणि तिला चेतवणारे काही आत आले की काही मिनिटांत ती हिस्टामिन हे दाह पेटवणारे रसायन सोडते. वाहिनीची भिंत झिरपू लागते, तिचे अस्तर न्यूट्रोफिल पेशींना धरू लागते आणि त्या अंग आकसून फटीतून बाहेर पडतात. प्रौढ माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५० ते ७० टक्के याच असतात. रंगवलेल्या काचपट्टीवर त्यांचे केंद्रक नीट पाहा: तीन ते पाच पाळी आणि त्यांना जोडणारे केसासारखे धागे. जखमेतला पू म्हणजे बऱ्याच अंशी त्यांचीच प्रेते.

मॅक्रोफेजविषयी मात्र मला कबुली द्यायची आहे. ऊतींतील प्रत्येक मॅक्रोफेज रक्तातल्या मोनोसाइटपासून होते, असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर बाण काढून शिकवले. मेंदूतील मायक्रोग्लिया, म्हणजे तिथली मॅक्रोफेजच, भ्रूणाला जोडलेल्या पीतककोश या पिशवीतून येतात, हे २०१० मध्ये उंदरांवरील अभ्यासाने दाखवले; यकृतातील मॅक्रोफेजचे, म्हणजे कुप्फर पेशींचे, मूळही बव्हंशी भ्रूणावस्थेतच सापडते. एका विद्यार्थ्याने त्यापूर्वीच मला विचारले होते की मेंदूत इतके मोनोसाइट शिरतात तरी कधी. मी त्याला पाठ्यपुस्तक दाखवून गप्प केले. तेव्हा सगळेच तसे शिकवत होते आणि परीक्षाही तेच मागत होती, हे खरे. तरी ती पेशी राहते कुठे हे त्याने विचारले होते आणि मी विचारले नव्हते.

जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात (पिल्लावस्थेत) गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या. 'भक्षकपेशी' हे नाव त्यानंतरचे. हा क्रम तू उलटा करू नकोस, एवढेच मी पुन्हा पुन्हा सांगतो आहे.

आता नॅचरल किलर पेशी. तिचे कुळ लिम्फोसाइटचे, पण टी आणि बी पेशींप्रमाणे ती जनुकांची फेरजुळणी करून एकेका शत्रूसाठी वेगळा ग्राहक, म्हणजे त्याला ओळखणारा रेणू, घडवत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग १ चे रेणू, म्हणजे 'आपली पेशी' अशी ओळखीची खूण, आहेत का, हे ती चाचपते. काही विषाणू ते दडवतात, आणि ओळखीची खूण कमी झाली व धोक्याचे संकेत वाढले की ती त्या पेशीला मारते. ती काय ओळखते हे आधी विचारले असतेस, तर रकान्याचे कोडे पडलेच नसते!

डेंड्रायटिक पेशी या आणखी एका प्रतिकारपेशीवर मी मुद्दाम लिहीत नाही. ती त्वचेत काय उचलते आणि लसीकाग्रंथीत जाऊन ते कोणाला दाखवते, हे तू शोधून मला लिही. तक्ता पाठवलास तर मी वाचणार नाही.

तुझा,
एक जुना शिक्षक